दुरून दिसणारा माणूस

इंग्रजी कादंबऱ्यांमधल्या एका माणसावर मी माझ्या उमेदीची पाच वर्षं घालवली. पुस्तक बदललं की त्याचं नाव बदलतं, माणूस मात्र तोच. धुक्यापावसातल्या, सगळे एकमेकांना ओळखून असलेल्या एखाद्या लहान गावात तो अचानक येतो. अंगात मखमली कोट, गळ्यात झळाळता रुमाल, बोटांत अंगठ्या. मोठ्यानं हसतो, कुठकुठल्या मुलखांच्या गोष्टी सांगतो, त्यांतल्या निम्म्या तरी खोट्या असाव्यात. तो कुठून आला, कुणाचा कोण, हे कुणालाच ठाऊक नसतं. बायका पडद्याआडून त्याला बघतात. पुरुष त्याची टिंगल करतात आणि घरी जाऊन आरशासमोर उभे राहतात. आणि ही सगळी हकिगत आपल्याला सांगणारा असतो त्याच गावातला कुणीतरी भिडस्त, फिक्या कपड्यांतला मनुष्य.

तो भिडस्त मनुष्य म्हणजे आपणच, असं मला पहिलं पुस्तक वाचतानाच वाटलं होतं.

माझं लहानपण चिखल्याला गेलं. वडील मँगनीजच्या खाणीत जमिनीखाली कामाला होते आणि आम्ही कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. आमचं घर बौद्ध. आईनं तिच्या माहेरच्या गावात काय काय पाहिलं होतं ते तिनं कधी उलगडून सांगितलं नाही, पण मला रोज शाळेत पाठवताना ती एकच गोष्ट सांगायची, "लोकाइच्या डोळ्यात येशीन असं काही करू नको. गुपचूप जाय, गुपचूप ये." मी ते इतकं मनावर घेतलं की दहावीच्या निरोप समारंभात आमच्या वर्गशिक्षकांना माझं नाव आठवलं नाही, आणि मला त्याचं वाईट वाटण्याऐवजी हुशारी केल्यासारखं वाटलं.

पुढे भंडाऱ्याला कॉलेजात असताना ग्रंथालयातून एक जुनी इंग्रजी कादंबरी घेतली. शब्दकोश मांडीवर ठेवून वाचत होतो. त्यात तो मखमली कोटवाला पहिल्यांदा भेटला. गावच्या चर्चमधून सगळे काळ्या कपड्यांतले लोक बाहेर पडत असताना तो भर रस्त्यातून, मधोमध, हातातली छडी फिरवत चालत येतो. मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. जगात एखादा माणूस सगळ्यांनी आपल्याकडे बघावं म्हणून मुद्दाम असा चालू शकतो, आणि आकाश कोसळत नाही! त्या दिवशी मी डबा खायचा विसरलो. पुढे त्याच माणसावर प्रबंध लिहिला, आणि पवनीच्या बाजूच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागलो.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला इंग्रजी साहित्य घेतलेल्या नऊच मुली-मुलगे होते, आणि रोवण्याचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस असल्यामुळे त्यांतल्या चार मुलीच वर्गात होत्या. बाकीचे बांधीत, भाताच्या खाचरांत. मी अभ्यासक्रमातली कादंबरी शिकवत होतो आणि नेहमीप्रमाणे सांगत होतो, की असा माणूस प्रत्यक्षात नसतो, लेखक त्याला घडवतो. गावाचं कंटाळवाणेपण दाखवायला लेखकाला एक झगमगीत माणूस लागतो.

खिडकीशी बसणारी एक मुलगी उभी राहिली. तिचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेलं, राहायला नव्या पुनर्वसनात. वर्गात फारशी बोलायची नाही.

"सर, असा माणूस असते. आमच्या गावात आहे."

बाकीच्या तिघी हसल्या.

"कोण आहेत ते?" मी विचारलं.

"आमचे टेलर आबाजी. सर, तुम्ही एकदा येऊन पाहा. या पुस्तकातला माणूस त्यांच्यापुढे काहीच नाही."

मला ते गमतीचं वाटलं. पण पुढच्या रविवारी मी मोटरसायकल काढली.

नवी गावं जशी असतात तसंच ते गाव होतं. पट्टी लावून आखल्यासारखे सरळ रस्ते, सारख्या मापाचे प्लॉट, अजून सावली न देणारी कडुनिंबाची झाडं. पण रस्त्यात शिरलो आणि थांबलोच. प्रत्येक दाराला एक पडदा होता, आणि एकासारखा दुसरा नव्हता. तुकड्यातुकड्यांनी जोडलेले. एकावर लुगड्याच्या काठांचे उभे पट्टे होते, एकावर जुन्या धोतराच्या पांढऱ्यावर लाल ब्लाऊजचे चौकोन, एकावर तर शाळेच्या निळ्या युनिफॉर्मचे मासे शिवून लावलेले. वाऱ्यानं सगळी ओळ हलत होती. पुनर्वसनातल्या त्या रखरखीत गल्लीत एवढा रंग बघून मी गाडी बंद केली आणि नुसता उभा राहिलो.

विद्यार्थिनी तिच्या आजीला घेऊन रस्त्यापर्यंत आली होती. आजी म्हणाली, "या जी सर. ते पडदे टेलरचेच आहेत. आधी त्याले भेटा, मंग आमच्याकडं जेवा."

समाजमंदिराला लागून एक खोली होती. दारात शिलाई मशीन, आणि मशीनवर तो माणूस. सत्तरीच्या पुढचा. मेंदी लावलेले तांबूस केस खांद्यापर्यंत, डोळ्यांत काजळ, हळदीसारखं पिवळं जाकीट आणि त्यावर बिलोरी टिकल्या, कमरेला लाल शेला, दोन्ही हातांच्या बोटांत पितळी अंगठ्या. खुंटीवर छत्री होती आणि तिच्या कडेनं जरीची किनार शिवलेली. हे सगळं कुठल्या सणासमारंभासाठी नव्हतं. रविवारची सकाळ होती आणि तो कुणाच्या तरी पोलक्याला हुक लावत होता.

मी नमस्कार केला. त्यानं मला चष्म्यावरून पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"सर, तुमी खांदे पाडून चालता," तो म्हणाला. "शर्टाची शिवन सांगून राहिली. डावा खांदा जास्त पडते."

इतकी वर्षं पुस्तकातल्या माणसावर प्रबंध लिहिणाऱ्या मला पहिल्या मिनिटातच त्यानं वाचून टाकलं होतं.

त्याची हकिगत मला त्या दिवशी थोडी त्याच्याकडून आणि बरीचशी आजीकडून कळली. तो तरुण असताना एका नाटक मंडळीबरोबर नदीकाठच्या त्या जुन्या गावात आला होता. मंडळीत तो राणीची, नायिकेची कामं करायचा आणि सगळ्यांचे पोशाखही शिवायचा. तिथं त्याला कडक ताप भरला. मंडळीचा पुढचा प्रयोग दुसरीकडं होता, ते निघून गेले. आजी तेव्हा नवी नवरी होती. तिच्या सासूनं त्याला छपरीत, घरापुढच्या पडवीत, खाट टाकून दिली आणि महिनाभर पेज पाजली. बरा झाल्यावर तो तिथंच राहिला. कुणी म्हणे तो राजनांदगावकडचा, कुणी म्हणे बालाघाटचा. त्याला विचारलं की दर वेळी वेगळं गाव सांगायचा.

"मग गावानं ठेवून घेतलं?" मी आजीला विचारलं. "असे कपडे, असं काजळ. कुणी काही म्हटलं नाही?"

"म्हनत नाही तं का! पोट्टे गोटे मारत. माहा सासरा म्हने, हे ध्यान आपल्या दारात नको. पन हा काही कपडे बदलवे ना."

मी त्यालाच विचारलं, "काहून नाही बदलवले, आबाजी? साधे कपडे घातले असते तर त्रास कमी झाला असता."

त्यानं दोरा दातानं तोडला.

"सर, परक्या गावात नवीन मानूस गुपचूप फिरला, तं लोक म्हनतात, चोर आहे. कोनाच्या बांधीत शिरला, कोनाच्या घरात डोकावला. मी कसा, मैलावरून दिसतो. टेलर आता नदीवर आहे, टेलर आता दुकानात आहे, साऱ्या गावाले मालूम. दिसनाऱ्या मानसाले कोनी भेत नाही. हासतात. हासू द्या. हासता हासता एक दिवस पोलकं शिवाले आनतात."

मी आईची शिकवण आयुष्यभर पाळली होती. तिनं ती जगण्यासाठीच दिली होती. हा माणूसही जगण्यासाठीच अगदी उलट रस्त्यानं गेला होता, आणि एकट्यानं गेला होता, पाठीशी आई-बाप, जात, जमीन काहीच नसताना. त्याच्या मशीनसमोरच्या बाकड्यावर मी खांदे जरा वर ओढून बसलो.

जेवताना आजीनं गाव उठल्याची गोष्ट सांगितली. भात होता, वांग्याची भाजी, झिंग्यांची चटणी. धरणाचं पाणी चढत होतं, नोटिसा येऊन गेल्या होत्या, पण छपरावरचं पहिलं कवेलू उतरवायला कुणी तयार नव्हतं. आपण आधी उठलो तर गाव आपल्याला म्हणेल, तुम्हीच सुरुवात केली. पाणी शेवटच्या बांध्यांना लागलं तरी लोक छपरीत बसून होते. तेव्हा हा टेलर एका सकाळी आपल्या दुकानाची टिनं उतरवायला लागला. मशीन बैलगाडीवर चढवलं. मग जुनी ट्रंक उघडून नाटकातल्या राणीचा पोशाख काढला, मुकुटासकट. तो घालून गावातल्या प्रत्येक दारापुढं उभा राहिला.

"काय म्हणाले ते?"

"काही नाही म्हने. निस्ता हात पुढं करे, दरबारात करतात तसा. चला, असा." आजीनं हात पुढं करून दाखवला. तिची बोटं सुद्धा राणीसारखी वळली. "माही सासू खाटेवरून उठत नव्हती. चार रोजापासून अन्नाले शिवली नव्हती. याले पाह्यलं आन् हासली. हासता हासता रडाले लागली, आन् मंग उठली. त्याचा हात धरून उठली. तिच्यामागून सारं गाव उठलं, सर. दोन कोस तो पुढं पुढं आन् आमच्या गाड्या मागं मागं."

मी जेवायचा थांबलो होतो. आजी म्हणाली, "खा जी, थंडं होऊन राहिलं."

नव्या गावात यादीप्रमाणे प्लॉट मिळाले. टेलरचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. त्याचं जुन्या गावात ना घर होतं ना शेत. लोकांनी मिळून समाजमंदिराच्या बाजूला त्याच्यासाठी भिंती उभ्या केल्या. सुरुवातीला सगळ्यांची टिनाची घरं होती, एकसारखी एक. म्हाताऱ्यांना आपलं दार ओळखू येईना. आजीची सासू एकदा सकाळी बोडीवर, गावाबाहेरच्या तळ्यावर, गेली आणि परत येताना हरवली. या गल्लीतून त्या गल्लीत, परक्या दारांवर हाका मारत दुपारपर्यंत फिरली. शेवटी टेलरच्या मशीनशी येऊन बसली आणि म्हणाली, "तुलेच फक्त ओळखतो मी."

त्यानंतर तो घरोघरी गेला आणि म्हणाला, घरातले जुने कपडे द्या, टाकायचे असतील ते. लोकांना वाटलं, गोधड्या शिवत असेल. त्यानं पडदे शिवले. म्हातारीच्या दाराला तिच्या नवऱ्याच्या धोतराचा आणि तिच्या लग्नातल्या लुगड्याच्या काठाचा. कुणाच्या दाराला मेलेल्या भावाचा सदरा, कुणाच्या बाळाचं टोपडं. सगळं गाव व्हायला त्याला दीड वर्ष लागलं. पुढे कित्येकांनी स्लॅबची घरं बांधली, लोखंडी दारं लावली. पडदे तेवढे कुणी काढले नाहीत.

निघण्याआधी मी पुन्हा त्याच्या खोलीशी गेलो. त्याला कळलं होतं, की आपल्यासारखा कुणी इंग्रजी पुस्तकात आहे. म्हणाला, "सांगा बरं त्याची गोष्ट."

मी सांगितली. त्या कादंबरीची पूर्ण गोष्ट मराठीत, बाकड्यावर बसून, तासभर. तो मशीन थांबवून ऐकत होता. कोटाचं वर्णन त्यानं दोनदा सांगायला लावलं. अस्तर कशाचं होतं ते मला सांगता आलं नाही, तेव्हा नाराज झाला.

"शेवटी जाते का मरते?" मी शेवटाकडे येतच होतो तेव्हा त्यानं विचारलं.

मी चपापलो. "जातो. एका सकाळी गाव सोडून जातो. गाव पुन्हा पहिल्यासारखं होतं."

"आन् बाकीच्या पुस्तकात?"

मी मनातल्या मनात सगळी पुस्तकं चाळली. कुठं तो बुडून मरतो, कुठं तुरुंगात जातो, कुठं त्याचं खोटं उघडं पडतं आणि तो पळतो. ज्याच्यावर मी पाच वर्षं घालवली, तो कुठल्याच पुस्तकात त्याच गावात म्हातारा झालेला मला आठवेना.

"जातो किंवा मरतो," मी म्हणालो.

तो हसला. "लिहिनाऱ्याले त्याले ठेवता नाही आलं, सर. आननं सोपं असते. अशा मानसाले कोन पेज पाजते, तो कोनाच्या छपरीत झोपते, म्हातारपनी सुईत दोरा कोन टाकून देते, हे लिहाले पाहिजे होतं. तो परक्याच्या गावात रोज सकाळी उठून एकटाच तो कोट घालते, तवा त्याले कसं वाटते, ते आहे का लिहिलेलं?"

नव्हतं लिहिलेलं. मी परतताना सगळा रस्ता तेच आठवत होतो. त्या पुस्तकांत त्याला नेहमी दुसरं कुणीतरी बघत असतं. त्याच्या खोलीत, तो एकटा असताना, कुठलाही लेखक शिरलेला नाही. माझ्या प्रबंधातही हे कुठं आलं नव्हतं. परीक्षकांनीही विचारलं नव्हतं.

त्या मुलीनं याच विषयावर वर्गात निबंध वाचायचं ठरवलं आणि मला न विचारताच आबाजींना बोलावलं. निबंधाच्या दिवशी सकाळी अकराला शिपाई धावत आला, "सर, गेटवर कोणी तरी नाटकवाला येऊन राहिला, आत सोडू का?" मी वरांड्यातून पाहिलं. पिवळं जाकीट, जरीची छत्री. मैदानावर दोन-तीनशे पोरं होती आणि सगळी वळून बघत होती. प्राचार्यांच्या खोलीची खिडकी समोरच होती.

इथं खरं सांगायला हवं. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की त्यांना मागच्या सायकल स्टँडकडून आणावं. मी शिपायाला तसं सांगायला तोंडही उघडलं होतं. मग स्वतःचीच लाज वाटली आणि मी पायऱ्या उतरलो.

गेटपासून वर्गापर्यंतचं मैदान मी बारा वर्षं कडेकडेनं ओलांडत आलो होतो. त्या दिवशी आबाजी सरळ मधून निघाले. मी त्यांच्या बरोबरीनं चाललो. कुणीतरी शिटी मारली. त्यांनी थांबून शिटीच्या दिशेला वळून, मान झुकवून मुजरा केला, इतका डौलदार, की ज्यानं शिटी मारली होती त्यानंच टाळी वाजवली. मग बाकीच्यांनीही. माझे कान तापले होते, आणि तरी मला आयुष्यात कधी नव्हतं एवढं मोकळं वाटत होतं.

मुलीचा निबंध साधा होता. इंग्रजी अडखळत होतं. पण तिनं एक मुद्दा मांडला, जो मी कुठल्याही जाड समीक्षेच्या पुस्तकात वाचला नव्हता. ती म्हणाली, या कादंबरीत गोष्ट सांगणारा मनुष्य त्या परक्या माणसाला तीनशे पानं बघत राहतो, पण एकदाही त्याला घरी जेवायला बोलवत नाही. गावाला तो परका वाटला यात त्या माणसाच्या कोटाचा काही दोष नाही.

शेवटी मुलांनी आबाजींना काहीतरी करून दाखवा म्हटलं. ते उठले, शेला डोक्यावरून घेतला, आणि राणीचे दोन संवाद म्हटले. राजवाडा सोडून निघालेल्या राणीचे. सत्तरीचा तो थरथरता आवाज पहिल्या वाक्याला खरखरला आणि दुसऱ्या वाक्याला तरुण बाईचा झाला. प्राचार्य कधी येऊन दाराशी उभे राहिले होते ते मला कळलंच नाही. त्यांनी डोळे पुसले, आणि ते कुणी पाहू नये म्हणून घाईनं निघून गेले.

ती मुलगी आता नागपूरला एम.ए. करते आहे. मी त्या दिवसापासून ती कादंबरी निराळी शिकवतो. शेवटचं प्रकरण झालं की मुलांना सांगतो, आता हा माणूस त्या गावातच राहिला असं धरा आणि पुढची चार पानं लिहा. मुलं भन्नाट लिहितात.

गेल्या हिवाळ्यात आबाजींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन भंडाऱ्याला झालं. मला त्या मुलीचा फोन आला म्हणून मी गेलो. वॉर्डाच्या बाहेर गर्दी होती. जीपभरून गाव आलं होतं, आजीसुद्धा. नर्सबाईंनी फॉर्म पुढं केला आणि विचारलं, "पेशंटचे नातेवाईक कोण?"

"मी भयीन आहो," आजी म्हणाली.

"मी पुतन्या," मागून एक जण म्हणाला. "मी भाची." "मी पन भाचीच."

नर्सबाई हसल्या. "अहो, एकच नाव लिहायचं असते जी इथं."

आजीनं अंगठा पुढं केला. आत गेलो तर आबाजी एका डोळ्यावर पट्टी बांधून खाटेवर बसले होते, आणि दुसऱ्या डोळ्यानं खिडकीच्या हिरव्या पडद्याकडे बघत होते. दुमड वाकडी घातली आहे, म्हणाले, आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला विचारायला लागले, की तिच्या पिशवीत सुईदोरा आहे का.